मुलीचा मामा, १४१ वर्थ स्ट्रीट

फुलवाल्यांनी मला लांबूनच हेरलंय. लोअर मॅनहॅटनच्या या टापूत चहूबाजूंनी कोर्टकचेऱ्या. टाय सावरत धावणारे वकील, फायली छातीशी धरलेले पक्षकार, त्यांच्याकडे हे ढुंकूनही पाहत नाहीत. माझ्या अंगात मात्र झब्ब्यावर जाकीट आहे आणि हातात न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरून आणलेला पेढ्यांचा पुडा. ‘‘सर, ब्राइडसाठी?’’ पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ थेट माझ्या नाकाखाली येतो. फुलं आणू नकोस असं भाचीने काल फोनवर बजावलंय. पण मामाने मुलीच्या लग्नाला नुसत्या पेढ्यांवर जायचं? मी गुच्छ घेतो. लगेच गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेला एक जण पुढे सरकतो आणि फोटोंचा भाव सांगू लागतो.

१४१ वर्थ स्ट्रीट. न्यूयॉर्कच्या सिटी क्लर्कचं लग्नखातं इथे आहे. २००९ च्या जानेवारीपर्यंत ते जवळच्या म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये होतं. मग महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात ते या जुन्या सरकारी इमारतीत आणलं आणि सजावटीचं काम जेमी ड्रेक या नावाजलेल्या डिझायनरकडे दिलं. सरकारी कचेरीला डिझायनर कशाला, असं आपल्याला वाटतं खरं. आत गेल्यावर मी ती शंका मागे घेतो.

आधी तपासणी. पेढे, गुच्छ, कुंकवाची डबी, सगळं पट्ट्यावरून सरकतं. झिपलॉकच्या पिशवीतल्या लालसर अक्षता पाहून रखवालदार भुवई उंचावतो.

‘‘राइस?’’

‘‘राइस.’’

‘‘आत उधळायचे नाहीत.’’ तो पिशवी परत देतो. त्याच्या चेहऱ्यावरून वाटतं, त्याने याहून चमत्कारिक गोष्टी पाहिल्या असाव्यात.

लांबलचक दालन, गुळगुळीत दगडी फरशी, भिंतीला लागून बाकं आणि पडद्यावर बदलत जाणारे टोकन नंबर. बँकेत ड्राफ्ट काढायला आल्यासारखे सगळे पडद्याकडे पाहताहेत. फक्त इथे ड्राफ्टवाले नटूनथटून आलेत. एका नवरीचा पायघोळ झगा मैत्रिणीने दोन्ही हातांनी उचलून धरलाय, खाली पांढरे स्नीकर्स. एकसारखे निळे सूट घातलेले दोघे पुरुष एकमेकांची बटणं सारखी करताहेत. एक आजी-आजोबा वाटावेत असं जोडपं. आजींच्या मांडीवर पर्स, आजोबांच्या मांडीवर आजींचा कोट. एक चिनी कुटुंब तीन पिढ्यांसकट आलंय आणि सर्वांत लहान पिढी फरशीवर घसरगुंडी खेळतेय. शुक्रवार आहे, त्यामुळे बाकं भरलेली.

भाची कोपऱ्यात बसलीय. नारायणपेठी साडी, त्यावर ऑफिसचा काळा ब्लेझर. पैठणी मोठ्या लग्नासाठी राखून ठेवलीय. शेजारी नवरामुलगा, क्वीन्समध्ये जन्मलेला, जॅक्सन हाइट्समध्ये वाढलेला. त्याचे आईवडील कोलंबियाहून इथे आले. आई म्हणजे आमच्या विहीणबाई. मोतिया रंगाचा पोशाख, हातात जपमाळ. आमच्या ताईचं इंग्रजी आणि विहीणबाईंचं इंग्रजी यांची गाठ फक्त फोनवर पडते, आणि दोघी एकमेकींना छान समजतात असं दोघीही छातीठोक सांगतात.

‘‘मामा, तू फुलं आणलीसच!’’

‘‘राहू दे गं. लायसन्स आणलंस ना?’’

ती प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढून दाखवते. हे मॅरेज लायसन्स त्यांनी बुधवारीच घेतलंय. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा, मग दोघांनी ओळखपत्रं घेऊन यायचं, ३५ डॉलर भरायचे. मिळालं की २४ तास थांबायचं. बुधवारी अकराला हातात पडलं तर गुरुवारी अकराच्या आत लग्न लागत नाही. तिथून पुढे ते ६० दिवस चालतं. रक्त तपासणी नाही, गोत्र नाही. आईवडिलांची नावं विचारतात, संमती नव्हे. आधीचं लग्न झालेलं असलं तर ते कधी आणि कसं संपलं, तेवढं मात्र नीट विचारतात.

आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर नोटीस देऊन ३० दिवस थांबावं लागतं, ती नोटीस कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावली जाते, आणि साक्षीदार लागतात तीन. एका दिवसात फार तर प्रेमिकांचं डोकं थंड होईल. तीस दिवसांत नातेवाइकांची डोकी तापायला भरपूर वेळ मिळतो. इथे साक्षीदार एक पुरतो, आणि तो एक मी आहे.

‘‘आडनावाचं काय केलंस?’’ मी विचारतो. लायसन्सच्या अर्जातच ते ठरवावं लागतं: आपलंच ठेवायचं, जोडीदाराचं घ्यायचं, की दोन्ही जोडायची.

‘‘माझं माझ्याकडे, त्याचं त्याच्याकडे. तिथल्या बाईंनी एकच वाक्य सांगितलं, स्पेलिंग पुन्हा बघून घ्या म्हणून.’’

ताई पुण्यातून व्हिडिओवर येते. इथे पावणेअकरा वाजलेत, तिकडे सव्वाआठ. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. ‘‘अगं, टिकली कुठाय? आणि तो कोट काढ आधी.’’ भाची मुकाट्याने ब्लेझर काढते. मी कुंकवाची डबी उघडतो. विहीणबाई मान वळवून बघताहेत. भाची त्यांच्याकडे पाहून हसते, तशी त्या कपाळ पुढे करतात. मग नवरामुलगाही.

नंबर यायला अवकाश आहे, म्हणून भाची लॅपटॉप उघडते आणि मोठ्या लग्नाचं एक्सेल मांडीवर पसरतं. इथे खरी कचेरी सुरू होते.

मोठं लग्न मे महिन्यात. आधी मॅनहॅटनमध्येच करायचा घाट होता. इथल्या एका हॉलने सगळ्याला होकार दिला आणि होमाचं नाव काढताच हात वर केले. उघडी आग नको, बाहेरचा केटरर नको, आणि ताटामागे सांगितलेला आकडा ताईने रुपयांत करून पाहिल्यावर तिलाच हॉल नको झाला. मुलाच्या मित्रांनी कुठल्या तरी लग्नाचे व्हिडिओ पाहिलेत, त्यांना ढोल आणि घोडा हवाय. मॅनहॅटनच्या रस्त्यावर वरात काढायची तर वेगळा परवाना. शेवटी हडसनपलीकडे, न्यू जर्सीतलं हॉटेल ठरलं. तिथल्या मॅनेजरला हवनकुंड सांगावं लागलं नाही, त्यानेच विचारलं, ‘‘किती मिनिटं पेटतं ठेवणार?’’ तेवढा वेळ धुराचे सेन्सर बंद ठेवायचे, फायर मार्शलची परवानगी काढायची, हे त्याला पाठ आहे. आणि घोड्याला पार्किंगची जागा आहे.

‘‘आपल्यात घोडा कशाला?’’ ताई फोनमधून.

‘‘आई, ते म्यूट कर.’’

नदी ओलांडली की राज्य बदलतं, आणि न्यूयॉर्कचं लायसन्स न्यूयॉर्क राज्यातच चालतं. तिकडे कायदेशीर लग्न लावायचं तर जर्सीचं वेगळं लायसन्स, २८ डॉलर, आणि थांबायचं ७२ तास. शिवाय भाचीच्या व्हिसाची कागदपत्रं मेपर्यंत थांबायला तयार नाहीत. म्हणून सरकारी लग्न इथे, आज, आणि बाकीचं सगळं तिथे. एक फायदा असा की गुरुजी मोकळे झाले. न्यूयॉर्क शहरात कायद्याने लग्न लावायचं तर भटजी असो की पाद्री, सिटी क्लर्ककडे आधी नाव नोंदवावं लागतं. जर्सीत त्यांना आता फक्त विधी करायचे आहेत.

ते विधीही एक्सेलमध्ये आहेत. मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, आणि त्यांच्यामध्ये विहीणबाईंची ‘आर्रास’: नवऱ्याने नवरीच्या ओंजळीत घालायची तेरा नाणी. ती सप्तपदीच्या आधी की नंतर, यावर एक पिवळा रकाना आहे. अक्षतांच्या रकान्यात ‘कार्पेट सफाई’ म्हणून एक रक्कम दिसते. मला हा तक्ता मनापासून आवडतो. जुन्या घरात या सगळ्या गोष्टी चार बायकांच्या डोक्यात असायच्या आणि कोण रुसलं ते लग्न झाल्यावर कळायचं. इथे रुसव्यालाही रकाना आहे.

‘‘एक्स्क्यूज मी.’’ समोर एक पोरगेलं जोडपं उभं आहे. मुलीच्या केसात एकच सूर्यफूल. त्यांचा मित्र साक्षीदार म्हणून येणार होता, तो लोकलमध्ये अडकलाय आणि त्यांचा नंबर लागलाय. ‘‘तुमच्याकडे आयडी आहे का?’’

आहे. अठरा वर्षं पूर्ण आणि सरकारी ओळखपत्र, साक्षीदाराची लायकी एवढीच. मी भाचीकडे बघतो. ती म्हणते, ‘‘जा ना, जा!’’ खिडकीवर मी अशा दोघांच्या लग्नाच्या कागदावर सही करतो ज्यांची नावं मी सहीपुरती वाचली. आत जातो, उभा राहतो, बाहेर येतो. सूर्यफूलवाली मला मिठी मारते, मी तिच्या हातावर पेढा ठेवतो. मला तिचं आडनाव आत्ताच आठवत नाही, पण या शहराच्या दप्तरात तिच्या लग्नाला मी कायमचा चिकटलो आहे.

पडद्यावर आमचा नंबर येतो.

खिडकीवरच्या बाई पासपोर्ट बघतात, लायसन्स बघतात, समारंभाचे २५ डॉलर घेतात. दोघांच्या सह्या. ‘‘विटनेस?’’ मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, अशी गुरुजींची हाक मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या हाकेचं इथलं रूप हे एवढंच. मी सही करतो. बाई माझ्याकडे एकदा रोखून बघतात. थोड्या वेळापूर्वी मीच दुसऱ्या कागदावर सही केलीय, हे त्यांच्या लक्षात आलंय. त्या फक्त हसतात.

समारंभाची खोली लहान, फिकट रंगाच्या भिंतींची. बसायची सोय नाही, गरजही नाही. क्लर्क गृहस्थ आत येतात, दोघांची नावं त्यांच्याकडूनच वदवून घेतात, दोनदा म्हणून बघतात. भाचीच्या नावातल्या ‘ळ’ला त्यांनी केलेला प्रामाणिक प्रयत्न पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मग ते दोघांना समोरासमोर उभं करतात. मी सवयीने भाचीच्या मागे जाऊन उभा राहतो. मामाची जागा तीच. माझ्या हातातल्या फोनमध्ये ताई आहे, कुकर आता शांत आहे.

प्रश्न त्याला, प्रश्न तिला. दोन होकार. अंगठ्या. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने मिळालेल्या अधिकारात ते दोघांना पतीपत्नी म्हणून जाहीर करतात. सगळं मिळून दोन मिनिटांच्या आसपास. एका मंगलाष्टकाचा ‘शुभमंगल’पर्यंतचा आळवून म्हटलेला शेवटसुद्धा कधीकधी याहून लांबतो. पण एक गोष्ट मला आवडते. या माणसाने सकाळपासून कितीतरी लग्नं लावली असतील, तरी वाक्य म्हणताना तो दोघांच्या डोळ्यांत बघतो, कागदात नाही. विहीणबाई रडताहेत. फोनमधून ताईचा हुंदका येतो आणि पाठोपाठ, ‘‘काही नीट दिसलं नाही रे, हात हलवत होतास!’’

बाहेर दालनात सिटी हॉलच्या इमारतीचं भिंतभर चित्र लावलंय. खरा सिटी हॉल इथून चालत काही मिनिटांवर, पण फोटोसाठी रांग या चित्रापुढे. निळ्या सूटवाल्या दोघांचे फोटो चाललेत. २०११ च्या २४ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला त्या दिवशी, रविवार असूनही ही कचेरी उघडी ठेवली होती आणि शेकडो जोडप्यांनी इथेच रांग लावली होती. आज त्या दोघांकडे कुणी वळूनही बघत नाही. पोरं घसरगुंडी खेळताहेत. आम्ही दोघांना आमच्या गटात ओढतो, त्यांचा फोटो आम्ही काढतो, आमचा ते.

रस्त्यावर येताच विहीणबाई माझ्या खिशाकडे बोट दाखवतात. मी झिपलॉक उघडतो. फुटपाथवर मनाई नाही, निदान पाटी तरी नाही. अक्षता पडतात, फुलवाला टाळ्या वाजवतो, फोटोवाला न विचारता दोन फोटो काढतो आणि मग भाव सांगतो. जवळच्या चौकात मोठ्या खांबांचं कोर्ट दिसतंय, मॅनहॅटनमधले घटस्फोट तिथे दाखल होतात. त्याच चौकाकडेला फेडरल इमारत. ग्रीन कार्डसाठी हे लग्न खरं आहे की कागदोपत्री, याच्या मुलाखती तिथे होतात. म्हणजे लग्नाने पुढे कोणतंही वळण घेतलं तरी स्टेशन बदलावं लागत नाही. हे मी भाचीला बोलून दाखवतो. ती म्हणते, ‘‘मामा, आजच्या दिवशी नको ना!’’

तिला अजून काम आहे. लग्नाचा कागद भारतात दाखवायचा तर परदेशात चालणारं विस्तारित प्रमाणपत्र वेगळं मागावं लागतं, त्यावर काउंटी क्लर्कचा शिक्का, मग राज्याच्या खात्याचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात मान्य होणारा दाखला. ते ती पुढच्या आठवड्यात बघणार. नवऱ्याची दोनला मीटिंग आहे, त्याआधी चायनाटाऊनमध्ये जेवायचं ठरतं.

‘‘अरे, फोन ठेवू नकोस,’’ ताई म्हणते. ‘‘मगाशी तो तक्ता दाखवत होती ना, त्यात काकूंच्या माहेरचे चौघं नाहीत.’’

‘‘आई, हॉलची मर्यादा दोनशे चाळीस आहे.’’

‘‘मग त्याच्याकडचे किती आहेत ते एकदा वाचून दाखव.’’

विहीणबाईंनी स्वतःच्या फोनमध्ये यादी उघडलीय.