न डागलेल्या क्षेपणास्त्रांची नौका

रायपूरच्या गोल बाजारात उभे राहिले की समुद्र आठवायला काही कारण नसते. चारी बाजूंना जमीनच जमीन. पण किराणा दुकानात रचलेले पामतेलाचे डबे पाहा. त्यांतले बहुतेक तेल इंडोनेशिया-मलेशियातून जहाजाने आलेले असते. वजनाने मोजला तर देशाचा सुमारे 95 टक्के परदेशी व्यापार समुद्रावरूनच चालतो. विशाखापट्टणम हे रायपूरला रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आतबाहेर पडणारे बंदर. ‘आयएनएस मुंबई’ ही क्षेपणास्त्रवाहू विनाशिका डिसेंबर 2023 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून तिथे आली. या नौकेने आजवर शत्रूवर एकही क्षेपणास्त्र डागलेले नाही. तरीही तिची कारकीर्द भरीव आहे, किंबहुना ती न डागण्यातच भरीव झाली आहे, असे माझे म्हणणे आहे.

ते पटायला थोडे मागे जावे लागते. आपल्या नौदलाकडे क्षेपणास्त्रवाहू क्रूझर कधीच नव्हती. होत्या त्या तोफांच्या. मूळची ब्रिटिश ‘नायजेरिया’ 1957 मध्ये ‘म्हैसूर’ होऊन आपल्याकडे आली, सहा इंची नऊ तोफा घेऊन. डिसेंबर 1961 मध्ये गोवामुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावरच्या कारवाईत ती होती; 1971 मध्ये ती पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. मात्र त्या वर्षी 4 डिसेंबरच्या रात्री कराचीसमोर निर्णायक घाव घातला तो ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या चिमुकल्या क्षेपणास्त्र नौकांनी. त्यांचा मारा जबर, पण पल्ला तोकडा. भर समुद्रात महिनोन्‌महिने राहणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. क्रूझरचा दम आणि त्या नौकांचे अस्त्र एकाच जहाजात आणायचे, हा पुढच्या काळातला प्रश्न. माझगाव डॉकमध्ये बांधलेली दिल्ली वर्गातली जहाजे हे त्याचे एक उत्तर होते. ‘दिल्ली’चे काम 1987 मध्ये सुरू झाले, मधेच सोव्हिएत संघ कोसळला, पुरवठा खोळंबला आणि ती 1997 मध्ये ताफ्यात आली. तिसरी, ‘मुंबई’, 22 जानेवारी 2001 रोजी. लांबी 163 मीटर, म्हणजे जुन्या ‘म्हैसूर’पेक्षा जेमतेम सहा मीटर कमी. कागदावर विनाशिका, अंगापिंडाने क्रूझरच म्हणावी. ब्रिजच्या दोन्ही अंगांना चार-चारच्या जुड्यांत तिरप्या बसवलेल्या नळ्या, आणि त्यांत ‘उरान’ जातीची सोळा क्षेपणास्त्रे.

या नळ्या गच्च बंद असताना तिने काय केले? जुलै 2006 मध्ये लेबनॉनवर बॉम्ब पडत होते. भूमध्य समुद्रातून परतणाऱ्या ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्र’, ‘बेतवा’ आणि ‘शक्ती’ या नौका बेरूतकडे वळवण्यात आल्या. बेरूतहून सायप्रसच्या लार्नाका बंदरापर्यंत फेऱ्या मारून त्यांनी सुमारे 2,280 माणसे बाहेर काढली. भारतीयांबरोबर त्यांत श्रीलंकेचे आणि नेपाळचेही लोक होते. एप्रिल 2015 मध्ये येमेन पेटले. एडनच्या धक्क्याला लागणे धोक्याचे होते, म्हणून ‘मुंबई’ बाहेर उभी राहिली आणि माणसे लहान होड्यांतून तिच्यापर्यंत आणली गेली. लढाईसाठी बांधलेल्या त्या डेकवर बायकामुले, बोचकी, पिशव्या. त्या एका फेरीत 441 जण जिबूतीला पोहोचले. त्यांतले निम्म्याहून अधिक परदेशी होते, हे मला फार मोलाचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, माणसेच आणायची तर प्रवासी जहाज पाठवा, एवढा खर्च कशाला? येमेनला ‘कवरत्ती’ आणि ‘कोरल्स’ ही प्रवासी जहाजे पाठवलीच होती, पण त्यांच्या सोबतीला युद्धनौका द्याव्या लागल्या. बेरूतसमोर तर 14 जुलै 2006 रोजी किनाऱ्यावरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने इस्रायलची ‘हनित’ ही सशस्त्र नौका टिपली, चार खलाशी मेले. आठवडा उलटतो न उलटतो तोच आपली जहाजे त्याच पाण्यात शिरली. तिथे निःशस्त्र बोट एकटी धाडायची कोणी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठी जहाजे आता सोपी सावजे झाली, असे तो सांगतो आणि ‘मोस्क्वा’कडे बोट दाखवतो. ती खरीखुरी क्षेपणास्त्रवाहू क्रूझर, साडेबारा हजार टनांच्या आसपासची. युक्रेनच्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी ती एप्रिल 2022 मध्ये काळ्या समुद्रात बुडवली. नेपच्यून हे ‘उरान’च्याच घराण्यातले. म्हणजे ‘मुंबई’ला दिलेल्या अस्त्राच्याच भावकीने तिच्याहून दुप्पट जहाज तळाला नेले. ही गोष्ट मी हलकी मानत नाही. तिच्यातून निघतो तो धडा सज्जतेचा: वेळच्या वेळी दुरुस्ती, आधुनिकीकरण, रडारपुढे जागता खलाशी. जहाजच नको असा निष्कर्ष काढला, तर एडनमधल्या त्या 441 जणांना न्यायला कोण येणार होते, तेही सांगायला हवे.

विशाखापट्टणमला आल्यावर ‘मुंबई’ 26 ऑगस्ट 2024 रोजी कोलंबोत पोहोचली. त्याच दिवशी तीन चिनी युद्धनौकाही त्या बंदरात आल्या होत्या. ‘मुंबई’ने श्रीलंकेसाठी सामान आणले होते: समुद्रावर टेहळणी करणाऱ्या त्यांच्या डॉर्नियर विमानाचे सुटे भाग.