तुटण्याआधीची तार

हुपरीच्या एका कारखान्यात चांदीची तार ओढताना मी बराच वेळ पाहत उभा होतो. जंतर म्हणजे क्रमाने बारीक होत जाणारी भोके असलेली पोलादी पट्टी. एका भोकातून तार ओढायची, मग पुढच्या.

"अजून किती बारीक निघेल?" मी विचारले.

"तुटेपर्यंत," कारागीर म्हणाले.

या उत्तरातला शेवटचा क्षण भौतिकशास्त्राला फार मोलाचा वाटतो.

ओढून व्यास निम्मा केला तरी चांदी तेवढीच राहते. म्हणून लांबी चौपट होते आणि विजेला होणारा रोध सोळापट. या हिशेबात इलेक्ट्रॉन धातूतून ठेचकाळत जातो असे गृहीत आहे. खोलीच्या तापमानाला चांदीत दोन ठेचांमधले सरासरी अंतर सुमारे 50 नॅनोमीटर. तारेचा बारीक भाग याहून आखूड झाला, तर ठेच लागणार कुठे?

इथे इलेक्ट्रॉनचे तरंगरूप पुढे येते. ते मानायचे कशावरून? 1985 मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या रिचर्ड वेब व सहकाऱ्यांनी सोन्याची इवलीशी कडी केली. तिचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ती निरपेक्ष शून्याजवळ थंड करून त्यांनी चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवले. कडीचा रोध ठरावीक अंतराने वरखाली होऊ लागला. इलेक्ट्रॉनचा तरंग कडीच्या दोन्ही बाजूंनी जाऊन पुन्हा एकत्र येतो. आतल्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे दोन भाग कधी एकमेकांना बळ देतात, कधी मारतात. ठेचकाळणाऱ्या गोळीला हे जमणार नाही.

सोन्यात या तरंगाची लांबी सुमारे अर्धा नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या आकाराच्या जवळपास. एका अणूच्या वाटेतून म्हणून तरंगाचा एकच प्रकार पार होतो, आणि अशा एका वाटेचा रोध सुमारे 12,906 ओहम ठरलेला आहे. 1998 मध्ये जपानमध्ये ताकायानागी यांच्या गटाने एका अणूच्या जाडीची सोन्याची तार सूक्ष्मदर्शकाखाली पाहत मोजली. एका पदराला हाच रोध, दोन पदरांना निम्मा. त्याच वर्षी नेदरलँड्समधील लायडनच्या गटाने अणूंची साखळी ओढून लांबवली. रोध जवळपास तोच राहिला. लांबीचा हिशेब इथे संपतो.

ही संख्या इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लांकचा स्थिरांक एवढ्यांवरूनच निघते. चांदी आणि तांबेही सोन्यासारखेच वागतात. शिशाच्या अणूतून मात्र एकाहून अधिक वाटा निघतात. म्हणजे धातूची जात वाटांची संख्या ठरवते. एका पूर्ण मोकळ्या वाटेचे माप सगळीकडे एकच.

हे पाहायला मोठी यंत्रणा लागतेच असे नाही. सोन्याच्या दोन तारा टेकवून अलगद दूर केल्या आणि वेगवान ऑसिलोस्कोप जोडला, तर संपर्क सुटण्याआधी प्रवाह पायरीपायरीने उतरताना दिसतो. हुपरीत तार तुटते तेव्हाही शेवटी काही अणूच एकमेकांना धरून असतात. कारागीर तुटकी टोके बाजूला टाकतात आणि नवी तार जंतरात ओवतात.