सोंग आणि तोतया : टीमच्या नावानं केलेल्या गमतीच्या पोस्ट

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, बचत जमा झाली, सह्या झाल्या, तरी एक ताई उठेनात. बाकीच्या गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, माझं पोरगं मोबाईलवर फुटबॉलच्या टीमच्या नावानं खोटंनाटं लिहितंय. पोलीस येतील का हो?" लेकरू बारावीचं. म्हटलं, आधी मला बघू तर द्या.

बघितलं आणि हसू आवरेना. मुंबई सिटी एफसी नावाचा एक व्यावसायिक संघ आहे, म्हणजे खेळाडूंना पगार देऊन खेळवणारा. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून तो तिथं खेळतो. त्यांचा शर्ट आकाशी रंगाचा. नवा खेळाडू घेतला की असे संघ मोबाईलवर मोठ्या थाटात चित्र टाकतात, खेळाडू हाताची घडी घालून उभा आणि खाली दोन भारदस्त ओळी. या पोरानं तसंच आकाशी चित्र करून त्यात आपल्या आजीला उभं केलं होतं. खाली लिहिलं होतं, "आमच्या नव्या गोलकीपर. अंगणात आलेला एकही चेंडू यांनी आजवर परत जाऊ दिलेला नाही."

याला विडंबन म्हणतात. त्याची रीत साधी आहे. संघाचा थाट, रंग, बोलण्याची ढब जशीच्या तशी उचलायची आणि आत अशी एक गोष्ट ठेवायची की बघणाऱ्याला लगेच कळावं, हे खरं असूच शकत नाही. थाट जितका गंभीर, तितकं हसू जास्त. हरल्यावर संघ लांबलचक निवेदन काढतात, त्याचीही नक्कल होते. "आज आमचा पराभव झालेला नाही, समोरच्या संघाचे गोल तेवढे जास्त झाले."

आपल्याला हे नवीन नाही. जत्रेत भारूड बघतो तेव्हा काय असतं? पुरुष माणूस लुगडं नेसून येतो, जोशी होतो, महारीण होतो, आणि दुसऱ्याच्या तोंडून बोलतो. नाथमहाराजांनी साडेचारशे वर्षांपूर्वी हेच केलं. पण समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हे सोंग आहे. सोंग वेगळं आणि तोतया वेगळा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा एक जण निघाला, माणसं त्याच्यामागं गेली, आणि शेवटी 1776 साली पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. कपडे दोघंही दुसऱ्याचेच घालतात. बघणाऱ्याला ते माहीत आहे की नाही, एवढाच फरक.

हा फरक मोठमोठ्यांनाही कळत नाही. जुलै 2025 मध्ये भारताच्या फुटबॉल संघाला प्रशिक्षक हवा होता. अर्ज आले, त्यात स्पेनच्या झावी यांच्या नावाचा ईमेल होता. हे झावी म्हणजे 2010 चा विश्वचषक जिंकलेले, बार्सिलोनाचे खेळाडू आणि पुढं प्रशिक्षकही. देशभर बातमी झाली. नंतर भारतीय फुटबॉल महासंघानंच जाहीर केलं की तो ईमेल खरा नव्हता, पेप ग्वार्डिओला यांच्या नावानं आलेलाही नव्हता. एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्यानं गंमत म्हणून हे केल्याचं सांगितलं, असं छापून आलं. पुढं ऑगस्टमध्ये प्रशिक्षक झाले खालिद जमील, ज्यांनी मुंबईच्या संघांतून खेळून आणि शिकवून नाव कमावलं. त्या गमतीत कुणाची भाकर गेली नाही, म्हणून आपण हसू शकतो.

आमच्याकडं मात्र गेली. दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर एक चित्र आलं, सरकारी कागदासारखं, शिक्क्यासकट : बचत गटांच्या कर्जाचे तीन हप्ते माफ. अगदी तळाशी बारीक अक्षरात काहीतरी विनोद होता, तो पुढं पाठवताना कापला गेला. आमच्या एक सदस्य मजुरी बुडवून, एसटीचं भाडं घालून तालुक्याच्या बँकेत गेल्या. तिथं लोक हसले. त्या आल्या त्या दोन बैठका बोलल्याच नाहीत. ज्यानं ते चित्र केलं त्याला हे कधी कळलंही नसेल.

म्हणून त्या ताईंच्या मुलाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : तुझ्या खात्यावर "गंमत" लिहून भागत नाही. एक्सवर 2025 पासून नियमच आहे की अशा खात्याच्या नावात सुरुवातीलाच पॅरडी किंवा फेक असा शब्द हवा. पण चित्र व्हॉट्सॲपवर गेलं की खात्याचं नाव मागंच राहतं. तेव्हा शब्द चित्रावरच हवा, मधोमध आणि मोठा, कापता येऊ नये असा. संघाचं खरं बोधचिन्ह लावू नकोस, स्वतःचं वेडंवाकडं काढ, तेच जास्त हसवतं. खेळाडूच्या खेळावर बोल, त्याच्या रंगावर, जातीवर, घरच्या बायांवर नको. आणि तिकीट, बक्षीस, लिंक, पैसे यांचं नावही नको. जिथं पैसे मागितले तिथं गंमत संपली. असं काही आलं आणि पैसे गेले, तर लगेच 1930 ला फोन करायचा, हे आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवू.

आता पोलिसांचं. 2012 मध्ये पालघरच्या एका मुलीनं मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाईक केलं, म्हणून दोघींना अटक झाली होती. त्यावरून देशभर आवाज उठला. ज्या 66 अ कलमाखाली अशा अटका होत, ते सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. म्हणजे नुसतं कुणाला झोंबलं म्हणून त्या कलमाखाली आता धरता येत नाही. पण 66 ड शाबूत आहे : मोबाईल-संगणकावर दुसऱ्याचं नाव घेऊन फसवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. बदनामीचा कायदाही आहेच. सोंगाला धाक कमी, तोतयाला जास्त.

ताईंना एवढं सांगितल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. पोरानं चित्रावर मोठ्या अक्षरात "गंमत" लिहिलं. परवा त्यांच्या घरी गेले तर आजी ओसरीवरच बसल्या होत्या. मला जवळ बोलावून विचारलं, "काय गं, त्या मुंबईच्या नोकरीला पगार किती असतो?"