पंप गेला, पेट्रोल राहिलं

चेन्नईतल्या एग्मोरच्या गल्ल्यांतून जाताना कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट दिसला, की मी आधी त्याचं फाटक बघतो. दोन रस्त्यांना दोन फाटकं, गाडी एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर, म्हणजे बहुधा जुना पेट्रोल पंप. मूळ मिरजेचा, पेशानं भूजलाचा माणूस. नजरेला ही खोड लागलीच.

‘टाक्या काढल्या, खड्डा बुजवला, आता काय राहिलं, सार?’ साइटवरचा सुपरवायझर हटकून विचारतो. राहते ती गळती. जुन्या पोलादी टाक्या गंजतात, पाइपांचे सांधे सैल होतात. पंपावर डिप-रॉडनं साठा मोजतात खरा, पण थेंबाथेंबाची गळती त्यात सापडत नाही.

मातीतून झिरपलेलं पेट्रोल भूजलापर्यंत पोचतं आणि आमटीवरच्या कटासारखं वर तरंगतं. कट दिसतो, त्यातून पाण्यात उतरलेलं बेंझिन दिसत नाही, आणि ते कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आपल्याकडे पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. हिशेब मांडा: एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. चेन्नईच्या १२ हजार लिटरच्या तण्णी लॉऱ्या, म्हणजे पाण्याचे टँकर, धरले, तर सत्तरहून जास्त!

तपासाची सुरुवात कागदांपासून होते: टाक्या नेमक्या कुठे होत्या, पाइप कुठून गेले होते. मग ड्रिलिंग. वर आलेल्या मातीची वाफ यंत्रानं मोजायची, नाकावर विसंबायचं नाही. निरीक्षण विहिरी निदान तीन, आणि त्याही एका रेषेत नकोत. तिन्हींची पातळी मोजली की पाणी कुठल्या घराकडे चाललंय ते कळतं. नमुन्याच्या ४० मिलिलिटरच्या बाटलीत हवेचा बुडबुडासुद्धा राहू द्यायचा नाही, कारण बेंझिन त्यात उडून जातं आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

एकदा मोजून भागत नाही. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. पाणी चढतं, तवंग चढतो. उन्हाळ्यात दोन्ही उतरतात आणि मधली सगळी माती तेलकट होते. म्हणून फक्त मे महिन्यातल्या अहवालावर माझा विश्वास नाही. तमिळनाडूनं पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं, ते उत्तमच. पण त्यासाठीचा शोषखड्डा दूषित मातीत खणला, तर घाण खाली ढकलायला आपणच मदत करतो.

ही नुसती भीती नव्हे. एग्मोरहून काही किलोमीटरवर, तोंडियारपेटला, २०१३ मध्ये टी. एच. रोडवरच्या बोअरवेलमधून पाण्याबरोबर इंधन आलं. तिथे टाकी नव्हे, जमिनीखालची तेलवाहिनी गळत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, आयआयटी मद्रासचे तज्ज्ञ आले. वाहिनी दुरुस्त होते; माती आणि पाणी स्वच्छ करायला वर्षं लागतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांनुसार नवा पंप घरं, शाळा आणि रुग्णालयांपासून ५० मीटरवर हवा. जागेची अडचण असली तरी ३० मीटरच्या आत नाहीच. पण जुना पंप पाडून त्याच जागेवर घरं उभी राहतात, तेव्हा अंतर मोजणार कुठून?

तेव्हा फ्लॅटचं बुकिंग करण्याआधी बिल्डरला विचारा, इथे पूर्वी काय होतं. पंप होता म्हणाला, तर माती आणि भूजल दोन्हींचे अहवाल मागा, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा. ते हाती येईपर्यंत तिथल्या बोअरचं पाणी पिऊ नका. उकळून तर मुळीच नको, वाफ तुमच्याच स्वयंपाकघरात पसरेल.