किलोमीटर कमी, पावसाळे जास्त

‘गाडी जेमतेम अठरा हजार चाललीय, गिअर ऑइल आत्ताच कशाला बदलायचं?’ मुलुंडच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. इथला नोकरदार सकाळी लोकल पकडतो. गाडी निघते ती रविवारी, नाहीतर लग्नकार्याला. मुलगा परदेशी, वडिलांचं वय झालेलं, अशा घरांत तर ती महिनोन्‌महिने कव्हरखाली असते. मीटरवरचा आकडा लहान राहतो आणि मालक निश्चिंत होतो. माझं म्हणणं असं, की अशा गाडीच्या गिअरबॉक्सचं आणि अ‍ॅक्सलचं तेल ठरवताना किलोमीटरच्या आधी पावसाळे मोजावेत.

इंजिन ऑइलची गोष्ट निराळी. त्यात जळण्यातून आलेली काजळी आणि कच्चं इंधन मिसळतं, म्हणून ते लवकर काळवंडतं. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही. तिथलं तेल बंद पेटीत, अंधारात असतं आणि तापतंही बेताचं. तेलाचं ऑक्सिडेशन दर दहा अंश तापमानवाढीला साधारण दुप्पट वेगाने होतं. त्यामुळे कमी तापणारं तेल वर्षानुवर्षं टिकतं, हे खरंच आहे. फक्त हा हिशेब कोरड्या हवेचा झाला.

अ‍ॅक्सलच्या पेटीवर ‘ब्रीदर’ नावाची छोटी नळी किंवा टोपी असते. गाडी चालली की आतली हवा तापते, फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर जाते. गाडी थांबून थंड झाली की तेवढीच हवा आत ओढली जाते. जुलैमधल्या मुलुंडची हवा किती ओली असते ते वेगळं सांगायला नको. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी आणि मिठागरं. मिठागर रोडच्या बाजूला उघड्यावर राहणाऱ्या गाड्यांचे ड्रेन प्लग गंजून बसलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत. आत आलेली वाफ थंड लोखंडावर पाणी होऊन बसते. लांबच्या प्रवासात तेल पुरेसं तापून हे पाणी उडून जातं. स्टेशनपर्यंतच्या फेरीत तेल कोमट होतं न होतं, तोच गाडी थांबते आणि पाणी आतच साठत जातं.

बरेच जण दर रविवारी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतात. त्याने बॅटरीला थोडा आधार मिळतो. पण न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्समधले गिअर तेवढे फिरतात. मागचा अ‍ॅक्सल जागचा हलत नाही. त्याच्या क्राउन व्हीलचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा, खालचा भाग तेलात असतो, वरच्या भागावरचं तेल हळूहळू निथळून जातं. उघड्या पोलादावर ओलावा बसला की दातांवर आणि बेअरिंगवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. म्हणून पंधरवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवावी. ठाण्यापलीकडे जाऊन यावं.

ही भीती कोणत्या गाड्यांना? मारुती ८०० आणि तिच्यासारख्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, बहुधा एकाच तेलात असतात. वेगळं अ‍ॅक्सल ऑइल असतं ते ओम्नी, बोलेरो, सुमो, थार, इनोव्हा अशा गाड्यांत. आणि अर्थात प्रीमियर पद्मिनीत.

पद्मिनीचं नाव निघालं की मला थांबावंच लागतं. आपला एलबीएस मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. याच रस्त्यावर कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. त्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. फियाट ११०० वरून आलेली १०८९ सीसीची ही गाडी मुंबईची टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावर धावेनाशी झाली. आता उरल्या आहेत त्या हौशी लोकांच्या खासगी गाड्या. त्या वर्षाला काहीशे किलोमीटर चालतात, म्हणजे आपल्या विषयाची याहून शुद्ध उदाहरणं सापडणार नाहीत. अशा गाड्यांखाली झोपून मागचा अ‍ॅक्सल न्याहाळण्यात माझे कितीतरी रविवार गेले आहेत.

या अ‍ॅक्सलच्या तेलाचा थोडा इतिहास. पॅकार्डने १९२६ साली हायपॉइड गिअर मोटारीत आणले. यात पिनियन, म्हणजे छोटा गिअर, क्राउन व्हीलच्या मध्यरेषेच्या खाली बसतो. त्यामुळे गाडी बसकी करता येते, पण दात एकमेकांवर जोराने घासत सरकतात. साध्या तेलाचा थर तिथे टिकत नाही, म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त ‘ईपी’ (एक्स्ट्रीम प्रेशर) तेलं आली. त्यांच्या प्रतींना जीएल-४, जीएल-५ म्हणतात.

जीएल-५ अ‍ॅक्सलसाठी उत्तम. पण जुन्या गिअरबॉक्सच्या, गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना काही जीएल-५ तेलं बाधतात, शिवाय निसरडेपणामुळे गिअर नीट पडत नाही. दोन्हीकडे एकाच डब्यातलं ‘नव्वद नंबर’ गिअर ऑइल ओतणं मला मुळीच पटत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेली प्रत घ्यावी.

आता माझा सर्वांत आवडता भाग, तेल वाचणं. मुलुंड पश्चिमेच्या एका जुन्या मेकॅनिककडे मी ते शिकलो. त्यांचा पहिला नियम होता, ‘आधी वरचा फिलर प्लग खोल, मगच खालच्याला हात लाव.’ फिलर अडकला आणि तेल खाली गेलेलं असलं, तर गाडी तिथेच अडकते. एरवी फिलरच्या काठाशी तेल लागलं पाहिजे. पातळी कमी असेल तर आधी गळका सील शोधावा. जुन्या तेलापेक्षा अपुरं तेल जास्त घातक.

मग थोडं तेल पारदर्शक बाटलीत घ्यावं. मधाळ किंवा गडद तपकिरी, पण स्वच्छ असेल तर घाई नाही. ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदलावं. गंधकाचा उग्र वास हा ईपी तेलाचा स्वभावच आहे, पण करपट वास आला तर तेल जास्त तापलेलं आहे. शंका असेल तर उघड्या हवेत, चष्मा घालून, टाकाऊ तव्यावर एक थेंब टाकावा. तवा पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा बराच तापलेला हवा, तेल धुमसेल इतका मात्र नको. तडतड झाली की पाणी आहे. शेवटी ड्रेन प्लगचं चुंबक बघावं. त्यावरचा राखाडी लगदा नेहमीचा. बोटाला टोचणारे कण दिसले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. तेलात सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो झिजताहेत.

पुरातून गेलेली गाडी या वाचनाचीही वाट बघत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत असंख्य गाड्या बुडाल्या. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर थेट पाणी ओढून घेतो. अशी गाडी चालवण्याआधीच दोन्ही तेलं बदलावीत आणि थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा तपासावीत.

बाकी गाड्यांसाठी मॅन्युअलमधली ‘जे आधी होईल ते’ ही अट प्रमाण. महिन्यांचा आकडा दिलेला नसेल तर माझं मत असं: उघड्यावर राहणाऱ्या गाडीचं अ‍ॅक्सल ऑइल दोन-तीन पावसाळ्यांनी, छपराखालच्या गाडीचं चार-पाचांनी बदलावं, आणि तपासणी मात्र दरवर्षी व्हावी. सेकंडहँड गाडी घेतली आणि नोंद नसली, तर दोन्ही तेलं लगेच बदलावीत. काढलेलं तेल गटारात न ओतता वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. नवं तेल काही शे रुपयांचं, क्राउन-पिनियनची जोडी त्याच्या कितीतरी पट महाग, आणि जुन्या गाडीची असेल तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधूनही मिळेलच असं नाही.

मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पूर्वार्धात मुंबईतून परततो. चार महिन्यांत जे पाणी शिरायचं ते शिरून झालेलं असतं. गाडी वीसेक किलोमीटर चालवून तेल गरम करावं, सपाट जागी लावावी, हात भाजणार नाही इतकी निवू द्यावी आणि फिलर प्लग उघडावा. वर्षातून एकदाच बघायचं असेल, तर दिवाळीच्या आधीचा आठवडा त्यासाठी सर्वांत योग्य.