अर्धविराम म्हणजे अर्धा श्वास नव्हे

'स्वल्पविरामाला एक आकडा थांबा, अर्धविरामाला दोन आणि पूर्णविरामाला चार.' इंग्रजीच्या वर्गांत, गाइडांत आणि आता स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये हा नियम इतक्या ठामपणे सांगितला जातो, की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटतच नाही. त्याचे फळ रजेच्या अर्जात दिसते : 'ड्यू टू हेवी रेन; आय कुड नॉट अटेंड द ऑफिस.' लिहिणारा 'रेन'पाशी थांबला, थांबा जरा लांब वाटला, म्हणून त्याने अर्धविराम टाकला. शिकवलेला नियम त्याने तंतोतंत पाळला आणि नेमके त्यामुळेच वाक्य चुकले. दोष त्याचा नाही, नियमाचा आहे.

गैरसमज : अर्धविराम म्हणजे मध्यम लांबीचा थांबा.

वस्तुस्थिती : आजच्या इंग्रजी लेखनात अर्धविरामाची जागा श्वास ठरवत नाही, वाक्यरचना ठरवते. त्याचे मुख्य काम एकच. 'अँड', 'बट' यांसारखे उभयान्वयी अव्यय न वापरता दोन पूर्ण वाक्ये जोडायची. 'द बस वॉज लेट; वी वॉक्ड होम.' डावीकडचा भाग एकटा वाचा, अर्थ पुरा होतो. उजवीकडचा वाचा, तोही पुरा होतो. दोन्हींना आपापला कर्ता आहे, आपापले क्रियापद आहे. म्हणून अर्धविराम बरोबर.

आता रजेच्या अर्जाकडे या. 'ड्यू टू हेवी रेन' एवढेच लिहून पूर्णविराम देता येईल का? नाही. मग तिथे अर्धविरामही चालणार नाही, स्वल्पविरामच हवा. 'ऑल्दो', 'बिकॉज', 'इफ', 'व्हेन' यांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यांचेही तेच. 'ऑल्दो द बस वॉज लेट; वी वेटेड' हे कितीही थांबून वाचले तरी चूकच. कसोटी सोपी आहे : अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवून पाहा. दोन्ही बाजू आपल्या पायावर उभ्या राहिल्या तर अर्धविराम चालेल, एरवी नाही.

मग पूर्णविरामच का देऊ नये? देता येतो, ती निवड लेखकाची. दोन वाक्यांचे नाते वाचकाने एका नजरेत पाहावे असे वाटते, तेव्हा अर्धविराम उपयोगी पडतो. 'शी टीचेस फिजिक्स; हर ब्रदर टीचेस म्युझिक.' पूर्णविराम दिला असता तर या दोन सुट्या गोष्टी झाल्या असत्या. अर्धविरामाने त्यांची तुलना झाली.

आकडे मोजण्याचा नियम आकाशातून पडलेला नाही. लिंडली मरी यांचे १७९५ सालचे इंग्रजी व्याकरण एकोणिसाव्या शतकात शाळाशाळांतून वापरले जात होते. अर्धविरामाचा थांबा स्वल्पविरामाच्या दुप्पट, अपूर्णविरामाचा त्याच्या दुप्पट आणि पूर्णविरामाचा त्याच्याही दुप्पट, हे गणित त्यात आहे. मोठ्याने वाचून दाखवण्याच्या काळात त्याला काही अर्थ होता. आपण मात्र मुकाट्याने वाचल्या जाणाऱ्या अर्जांना आणि अहवालांना दोनशे वर्षांपूर्वीचे वाचनाचे माप लावत बसलो आहोत.

मराठी माणसाला हा नियम जास्तच महागात पडतो. 'बस उशिरा आली, आम्ही चालत निघालो' हे वाक्य मराठीत खटकत नाही, कारण दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम आपल्याला चालतो. औपचारिक इंग्रजीत 'द बस वॉज लेट, वी वॉक्ड होम' ही चूक धरली जाते. तिला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात. म्हणजे जिथे अर्धविराम हवा तिथे आपला कान स्वल्पविरामावर समाधान मानतो, आणि जिथे स्वल्पविराम पुरे तिथे श्वासाचा नियम अर्धविराम टाकायला लावतो. दोन्हीकडून नुकसान.

अजूनही कोणाला वाटत असेल की हा सगळा किरकोळ कीस आहे, तर दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्ग खटल्याची कागदपत्रे पाहावीत. त्या खटल्याची सनद ८ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये झाली. तिच्या सहाव्या कलमात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची व्याख्या होती : आधी हत्या, गुलामगिरी, हद्दपारी अशी कृत्ये, नंतर वंश, धर्म किंवा राजकीय कारणांवरून झालेला छळ, आणि शेवटी अट, की न्यायाधिकरणाच्या कक्षेतल्या गुन्ह्याशी संबंध हवा. इंग्रजी आणि फ्रेंच मजकुरात कृत्ये आणि छळ यांच्यामध्ये अर्धविराम होता, रशियन मजकुरात स्वल्पविराम. अर्धविराम धरला तर ती अट फक्त छळाला लागू होत होती. स्वल्पविराम धरला तर हत्येसकट सगळ्यालाच. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी ६ ऑक्टोबर १९४५ रोजी बर्लिनमध्ये स्वतंत्र करारपत्रावर सह्या केल्या आणि अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम घातला. पुढे निकाल देताना १९३९ पूर्वीची कृत्ये न्यायाधिकरणाने मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून सरसकट धरली नाहीत, कारण युद्धाशी त्यांचा संबंध पुरेसा सिद्ध झालेला नव्हता. चार राष्ट्रे एका चिन्हासाठी पुन्हा एकत्र बसली, ती वाचताना किती थांबायचे हे ठरवायला नव्हे. वाक्याचा कोणता भाग कशाला जोडलेला आहे, हा प्रश्न होता.

गैरसमज : दोन पूर्ण वाक्यांखेरीज अर्धविराम कुठेच चालत नाही.

वस्तुस्थिती : एक महत्त्वाचा अपवाद आहे. यादीतल्या घटकांच्या पोटातच स्वल्पविराम असतील, तर घटक वेगळे करायला अर्धविराम लागतो. पाठ्यपुस्तक उघडा आणि राज्यघटनेची उद्देशिका इंग्रजीतून पाहा. 'जस्टिस'चे सामाजिक, आर्थिक आणि राजकीय असे प्रकार सांगताना स्वल्पविराम आहे. ते संपून 'लिबर्टी' सुरू होण्याआधी अर्धविराम आहे. 'इक्वालिटी'च्या आधीही तसेच. तिथे सगळीकडे स्वल्पविराम असते, तर कोणता शब्द कोणत्या मूल्याखाली येतो हे शोधत बसावे लागले असते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात तीनशेहून अधिक शब्दांचे एकच वाक्य आहे. 'व्हेन'ने सुरू होणारे त्याचे तुकडे एकटे उभे राहू शकत नाहीत, तरी अर्धविरामांनीच वेगळे केले आहेत. तीही यादीच आहे, अन्यायांची.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' ही 'बट', 'अँड'सारखी उभयान्वयी अव्यये आहेत : नाहीत. दोन पूर्ण वाक्यांमध्ये ती आली तर आधी अर्धविराम, नंतर स्वल्पविराम : 'द बस वॉज लेट; हाउएव्हर, वी रीच्ड ऑन टाइम.'

यादीची सुरुवात अर्धविरामाने करायची : ते काम अपूर्णविरामाचे.

'डिअर सर'नंतर अर्धविराम : कधीच नाही. ब्रिटिश पद्धतीत स्वल्पविराम, अमेरिकन औपचारिक पत्रात अपूर्णविराम.

अर्धविरामानंतर कॅपिटल अक्षर : नाही, विशेषनाम किंवा 'आय' असेल तरच.

अर्धविरामाआधी जागा सोडायची : ती फ्रेंचांची रीत. इंग्रजीत चिन्ह शब्दाला चिकटून येते, जागा नंतर.

अर्धविराम कालबाह्य झाला : आल्डुस मानुटियुस यांच्या व्हेनिसच्या छापखान्यातून १४९६ साली निघालेल्या पिएत्रो बेम्बो यांच्या 'दे एत्ना' या पुस्तकात हे चिन्ह आहे. पाचशे वर्षांनंतरही कायद्यांच्या मजकुरात ते आहे. अर्धविराम वापरूच नका असे बजावणारे अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांनीही त्याच 'अ मॅन विदाउट अ कंट्री' या पुस्तकात पुढे तो वापरला आहे.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती आहे. आकडे मोजण्याचे ते वाक्य टिपणांतून कायमचे खोडून टाका. त्याऐवजी मुलांना चिन्हाच्या दोन्ही बाजू हाताने झाकून एकेक वाचायला सांगा. दोन्ही बाजू पूर्ण असतील तर अर्धविराम. एक जरी अपुरी असेल आणि ती यादीही नसेल, तर अर्धविराम नाही. पाच मिनिटांत शिकवून होते आणि जन्मभर पुरते.