तांबेऱ्याला पुरून उरलेला गहू

खपलीची खीर शिजते तेव्हा पातेल्यात दोन रानगवतं असतात, पोळीची कणीक मळताना परातीत तीन. थट्टा नव्हे. खपलीत दोन गवतांची गुणसूत्रं एकत्र नांदतात. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला खपलीच्या कुळातल्या गव्हावर शेताकडेच्या तिसऱ्याच गवताचे पराग पडले, आणि त्यातून आपला रोजचा गहू निपजला. कणीक ताणली तरी तुटत नाही, त्यात या तिसऱ्याचा वाटा मोठा.

पाहुणा आला तो अख्खं बिऱ्हाड घेऊन. त्यामुळे गव्हाचा जिनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएची पोथी, सुमारे दीड हजार कोटी अक्षरांचा झाला. माणसाचा तीनशे कोटींचा. सेकंदाला एक अक्षर वाचायचं म्हटलं तर पावणेपाचशे वर्षं लागतील, तीही जेवणखाण सोडून.

लांबी एक वेळ परवडली; पंचाईत मजकुराची. एकाच पोथीच्या, थोडेफार पाठभेद असलेल्या तीन प्रती फाडून एका पोत्यात भरल्यात, आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त मजकूर नुसत्या पालुपदांचा. हाती दीडशे अक्षरांचा कपटा आला, तर तो कुठल्या प्रतीतला, कुठल्या कडव्यानंतरचा, हे ओळखायचं कसं? ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणाची पोथी २०१८ मध्ये जुळून आली, तेव्हा त्यामागे वीस देशांतल्या दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांची तेरा वर्षं होती. त्यातलं ‘२-ए’ हे गुणसूत्र भारताच्या वाट्याला आलं होतं. पण हा वाण प्रयोगशाळेचा लाडका. शेतकरी त्याला विचारणार नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या ‘कारिएगा’ या वाणाची गोष्ट निराळी. पिवळ्या तांबेऱ्यापुढे तो वर्षानुवर्षं टिकला. हा तांबेरा एकदा पाहिला की विसरत नाही: पानावर शिरांच्या बाजूने पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी, आणि बोट फिरवलं की बोटाला हळद. ही हळद म्हणजे बुरशीचे बीजाणू, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाणारे.

कारिएगाची पोथी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. या खेपेला एकेक कपटा पंधरा-वीस हजार अक्षरांचा होता. एवढ्या लांब कपट्यात पालुपदाच्या अलीकडचं आणि पलीकडचं कडवंही येतं, मग गुंता सुटतो. त्यातून ‘२-बी’ गुणसूत्रावरचा राखणदार सापडला: ‘वायआर २७’ हे जनुक. गंमत पुढेच आहे. तपकिरी तांबेरा वेगळ्या बुरशीचा; त्याला अडवणारं ‘एलआर १३’ तोवर वेगळं म्हणून नोंदलेलं. ही दोन्ही एकाच जनुकाची दोन रूपं निघाली, प्रथिनांत ९७ टक्के साम्य असलेली. उरलेल्या तीन टक्क्यांत शत्रूच बदलतो!

हाच राखणदार पंजाबातल्या ‘पीबीडब्ल्यू ३४३’ या लोकप्रिय वाणातही होता. बुरशीने रूप पालटलं, त्याला चकवलं, आणि शेतं पिवळी पडली. कारिएगात मात्र तो एकटा नाही. तिसऱ्या गवताकडून आलेल्या ‘७-डी’ गुणसूत्रावर ‘वायआर १८’ बसलंय. ते बुरशीला दारात अडवत नाही, आत आल्यावर तिची चाल मंद करतं. आणि ते असल्याची खूण म्हणून वाढलेल्या झाडाच्या पानांची टोकं तेवढी सुकलेली दिसतात.